मुलाच्या प्रोजेक्टसाठी इंग्रजांच्या काळातलं घर बघायचंय, मणिभवनला सासूबाईंना घेऊन जाणं जमेल का?

कोथिंबीरवडी

मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगा चौथीत आहे आणि शाळेतून प्रोजेक्ट आलाय, "इंग्रजांच्या काळातलं एक घर प्रत्यक्ष बघा आणि तिथली माणसं रोज कशी राहायची ते लिहा". पाच पानं, फोटो चिकटवून. म्हणजे प्रोजेक्ट आमचाच, अक्षर तेवढं त्याचं. डोक्यात गामदेवीचं मणिभवन आहे, गांधीजी मुंबईत आले की उतरायचे ते घर, कारण मी स्वतः लहानपणी शाळेच्या सहलीतून गेले होते, आठवत मात्र काहीच नाही, बसमध्ये कोणाला तरी उलटी झाली होती तेवढंच आठवतंय.

आता आमची वरात अशी आहे. मुलगा ९ वर्षांचा, एका जागी चार मिनिटं. लेक नववीत, ती "मी बाहेर थांबते" म्हणून मोबाईल घेऊन बसणार. नवरा प्रत्येक बोर्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस, मागे एका संग्रहालयात आम्ही तिघं दोनदा चहा पिऊन आलो तरी हा दुसऱ्याच दालनात उभा होता. आणि सासूबाई, वय ७४, गुडघे दुखतात, पण त्यांना घरी ठेवून जायचं म्हटलं की "जा हो तुम्ही, मी काय, आहे इथेच" असं ज्या आवाजात म्हणतात ते तुम्हाला माहितीच आहे.

भांडुपहून निघणार. जिने किती आहेत, वेळ किती लागतो, आणि ९ वर्षाच्या पोराला तिथे नक्की दाखवायचं काय? नणंदेने अजून एक पिल्लू सोडलंय की ते कुठे इंग्रजांचं घर आहे, ते तर गुजराती व्यापाऱ्याचं, बाई मार्क देणार नाहीत. खरं काय ते सांगा.

फलाट_क्रमांक_दोन

ताई बिनधास्त जा. भांडुपहून स्लो पकडून दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला उतरा आणि पश्चिमेला बाहेर पडा. रविवारी जाणार असाल तर आधी मेगाब्लॉक बघा नाहीतर दादरलाच सहल संपायची. स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं पण काकूंसाठी टॅक्सी करा, जवळचं भाडं म्हणून दोन-तीन जण नाही म्हणतील, चौथा येतो. आता मेट्रो ३ चं पण ग्रँट रोड स्टेशन झालंय पण भांडुपवाल्यांना त्याचा काय उपयोग.

जिना लाकडी आहे, गांधीजींची खोली दुसऱ्या मजल्यावर. मी गेलो तेव्हा लिफ्ट काही दिसली नव्हती. एक मजला चढून दम खायचा मग दुसरा, घाई नाही केली तर जमतं. नाहीच जमलं तर तळमजल्याला लायब्ररी आहे, शांत असतं. वेळा फोन करून विचारून घ्या.

चर्चगेट_ते_विरार

नणंद बरोबर बोलतायत. इंग्रजांच्या काळातलं घर म्हणजे साहेबाचा बंगला, व्हरांडा, उंच छत, पंखा ओढणारा नोकर. ते बघायचं तर मलबार हिलचं राजभवन (आता लोकभवन म्हणतात) बघा, ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, समुद्रालगत आहे आणि २०१६ ला तिथे जमिनीखाली जुना बंकर सापडला, तोही दाखवतात. पोरं खूष होतील. मणिभवनला काय आहे, एक गादी आणि चरखा, तीही काचेच्या पलीकडून बघायची. आमचा मुलगा दहा मिनिटांत "झालं?" म्हणाला होता.

जुनी_वही

प्रोजेक्टमध्ये "इंग्रजांच्या काळातलं घर" लिहिलंय, "इंग्रजांचं घर" नाही. त्यामुळे नणंदबाईंना नमस्कार सांगा आणि जा.

घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. जवाहिऱ्यांची पेढी होती त्यांची, आणि गांधीजी ज्यांना फार मानायचे ते श्रीमद राजचंद्र याच पेढीत भागीदार होते, म्हणजे ओळख जुनी. १९१७ ते १९३४ असं पाटीवर वाचलं की आपल्याला वाटतं माणूस १७ वर्षं तिथेच राहिला, पण तसं नाही, मुंबईत आले की मुक्काम इथे असा प्रकार होता. मधली वर्षं कुठे आश्रमात, कुठे तुरुंगात. मुलाला हे आधी सांगा नाहीतर तो "गांधीजींचं घर" असं लिहील आणि चुकेल. हे पाहुण्याचं घर आहे. पाहुणाही असा की तो आला की मागून पुढारी, पोलीस आणि अख्खी गर्दी यायची.

चौथीतल्या मुलाला कळतील अशा दोन गोष्टी सांगतो. एक, ७ एप्रिल १९१९ ला गांधीजींनी "सत्याग्रही" नावाचं एक छोटं पत्रक काढलं, सरकारकडे नोंदणी न करता, मुद्दामच, कायदा मोडायचाच होता. किंमत एक पैसा आणि संपादकाचा पत्ता चक्क छापलेला, लॅबर्नम रोड, गामदेवी. म्हणजे चोरीछुपे काही नाही, या पकडायला, हा घ्या पत्ता. दुसरी, ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलीस खरंच आले. गोलमेज परिषदेहून २८ डिसेंबरला परत आलेले, आठवडाच झाला होता, गच्चीवर तंबूत झोपायचे. आणि तो वार सोमवार होता, सोमवार त्यांचा मौनाचा दिवस. म्हणजे पोलीस पकडायला आलेत आणि हा माणूस बोलतच नाही, काय ते कागदावर लिहून देतो. माझ्या पुतण्याला ही गोष्ट इतकी आवडली की पुढचे तीन सोमवार त्याने मौन पाळलं, अभ्यास विचारला की.

आणि अहो चर्चगेट ते विरार, गादी आणि चरखा एवढंच दिसलं तुम्हाला? तो चरखा त्यांना इथे चालवता येईपर्यंत एक वेगळीच भानगड झाली होती. आजारी होते, पडून होते, खोलीत चरखा आणला पण सूत काढायला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकट्या, पाहिजेत ना, ते मिळेनात. घराखालून रोज एक पिंजारी पिंजणाची तार वाजवत जायचा. त्याला वर बोलावलं. तो गाद्यांसाठी कापूस पिंजणारा, म्हणाला पेळूंसाठी पिंजून देतो पण भाव चढा सांगितला आणि गांधीजींनी तो दिलाही. ते सूत मग वैष्णव मित्रांकडे गेलं, पवित्रा एकादशीच्या माळांसाठी. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतः लिहिलंय. आता ती खोली बघताना खिडकीखाली तो पिंजारी ऐकू आला पाहिजे, मग खोली रिकामी वाटत नाही.

चर्चगेट_ते_विरार

बरं बाबा, पिंजाऱ्याचं माहीत नव्हतं. पण मुलं कंटाळतात हे खरंच आहे, ते पण लिहा की.

डबा_घेतलास_का

मी शिक्षिका आहे, दरवर्षी पोरांना कुठे ना कुठे घेऊन जाते म्हणून हक्काने सांगते. सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्यांनी मांडलेत, २८ आहेत, काचेच्या पेट्यांत. मुलाला सांगा तुला आवडेल ते एकच निवड आणि त्याच्यासमोर हवा तेवढा वेळ बस. बाकीचे २७ नवरा बघेलच.

लेकीला पत्रं दाखवा. हिटलरला २३ जुलै १९३९ ला लिहिलेलं पत्र आहे, सुरुवात "प्रिय मित्र". नववीतल्या मुलांना तिथे उभं केलं की पहिल्यांदा हसतात मग भांडण सुरू होतं, असं कसं लिहिलं, का लिहिलं, मित्र कसा म्हणाले. आणि ते पत्र इंग्रज सरकारने पुढे जाऊच दिलं नाही हे सांगायचं मात्र शेवटी, आधी नाही.

आता माझी एक तक्रार, घराबद्दल नाही, आपण ते बघतो त्याबद्दल. प्रोजेक्ट "रोज कसे राहायचे" याचा आहे ना? मग त्या घरातल्या बायका कुठेयत? जून १९३१ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक त्या घरात झाली. पुढारी आले, चर्चा झाल्या, ठराव झाले. पाणी कोणी भरलं, जेवायला किती पानं होती, उष्टी कोणी काढली? मला तरी भिंतीवर यातलं काही दिसलं नाही. आमच्या घरी गणपतीत पंधरा माणसं आली तर मी चार दिवस आडवी असते. मुलाला हा प्रश्न विचारू दे, उत्तर नाही मिळालं तरी प्रश्न वहीत लिहू दे, बाई शहाण्या असतील तर त्यालाच मार्क देतील.

निळी_शाई

मणिभवन जरूर बघा पण येताना दादरलाच गाडी बदलणार आहात तर हिंदू कॉलनीतलं राजगृह पण बघा ही विनंती. बाबासाहेबांनी स्वतः बांधून घेतलेलं घर, आणि ते बांधताना डोक्यात पहिला विचार पुस्तकांचा. पन्नास हजारांवर पुस्तकं होती त्यांची. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू बघायला मिळतात. रोजचं जीवन म्हणाल तर ते तिथे जास्त कळतं, कारण ते स्वतःचं घर होतं, पाहुण्याचं नाही.

आणि दोन्ही घरं एकाच दिवशी बघण्याला एक कारण आहे. १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब आणि गांधीजी पहिल्यांदा भेटले ते मणिभवनलाच. मला मायभूमी नाही असं बाबासाहेबांनी तोंडावर सांगितलं ते तिथे. गांधीजींना तोपर्यंत ते कोणी ब्राह्मण सुधारक वाटत होते हेही नोंदलेलं आहे. मी मणिभवनला जातो तेव्हा ती गादी बघून दरवेळी हाच विचार येतो की समोर बाबासाहेब कुठे बसले असतील.

फलाट_क्रमांक_दोन

+१. पण दोन घरं एका दिवशी, सोबत ७४ वर्षांच्या काकू आणि तो बोर्ड वाचणारा नवरा? दादा जरा दया करा.

निळी_शाई

हाहा खरंय. राजगृह पुढच्या रविवारी.

गिरगाव_हाऊस

जवळच खोताची वाडी आहे, तिथली जुनी लाकडी घरं बघायला लोक सुचवतील म्हणून आधीच सांगतो, जा पण ती लोकांची राहती घरं आहेत. खिडकीत मोबाईल घालून फोटो काढू नका. आमच्या नातेवाइकांच्या ओट्यावर एकदा एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं, विचारलं तर म्हणे म्युझियम ना हे.

कोथिंबीरवडी

किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद! नवऱ्याला "बाकीचे २७ नवरा बघेल" हे वाचून दाखवलं, तो म्हणाला चांगली सूचना आहे, त्याला टोमणा कळला नाही. या रविवारी जातोय. आल्यावर सांगते.

कोथिंबीरवडी

आलो जाऊन. काल रात्रीच लिहिणार होते पण पाय बोलत होते.

मेगाब्लॉक होताच, तरी पोचलो. टॅक्सीवाला खरंच चौथाच तयार झाला. लॅबर्नम रोडला वळल्यावर एकदम आवाजच कमी होतो हे कोणी सांगितलं नव्हतं, झाडं, सावली, मागे ग्रँट रोडचा गोंधळ आणि इथे कावळे. आईंना सांगितलं लॅबर्नम म्हणजे आपला बहावा, तर म्हणाल्या मग बहावा रोड म्हणायला काय झालं होतं.

जिन्याचं टेन्शन मला होतं, त्यांना नव्हतं. एक हात कठड्याला, एक लेकीच्या खांद्यावर. त्यामुळे लेकीला बाहेर थांबताच आलं नाही, हे आईंनी मुद्दाम केलं की काय कोण जाणे. पहिल्या मजल्यावर पाच मिनिटं टेकल्या आणि मग वर.

आता ती खोली. काचेतून बघायची, पांढरी गादी, लोड, चरखे, बुटकं डेस्क. मुलगा चार मिनिटं काय दोनच मिनिटं थांबला आणि मला वाटलं संपलं, पाच पानं मीच लिहिणार. तेवढ्यात आई काचेला नाक लावून म्हणाल्या, "ही गादी पिंजून घ्यायला झालीये." आणि तिथेच सुरू झाल्या हो! लालबागला चाळीत होत्या त्या लहानपणी, तिथे उन्हाळ्यात पिंजारी यायचा. खांद्यावर हे एवढं मोठं पिंजण, त्यांच्या उंचीपेक्षा मोठं, आणि येताना तार वाजवत यायचा म्हणजे तीन मजल्यांवर कळायचं. चाळीच्या चौकात गादी उसवायची, कापूस सगळा बाहेर, तो तारेवर धरून वरून लाकडी दांडक्याने मारायचा आणि कापूस असा फुलायचा की पोरं त्यात उड्या मारायची आणि मग दोन दिवस शिंकायची. त्यांची आज्जी पाट टाकून समोर बसून राहायची, उठायचीच नाही, कारण उठली तर पिंजारी कापूस काढून ठेवील हा तिला पक्का संशय. जेवायची पण तिथेच. गादी परत शिवून झाली की उचलून बघायची वजन तेवढंच आहे का.

मी मग त्यांना तुमची ती पिंजाऱ्याची गोष्ट सांगितली (जुनी वही, तुमचं नाव मुलाच्या वहीत पहिल्या पानावर आहे, "एक काका" असं). भाव चढा सांगितला हे ऐकल्यावर आई इतक्या हसल्या की शेजारचे लोक बघायला लागले. म्हणाल्या, "बघ, महात्मा असला म्हणून पिंजाऱ्याने सोडला नाही."

त्यानंतर मुलगा त्या काचेपासून हलेना. प्रश्नांवर प्रश्न. पिंजारी वर कुठून आला, याच जिन्याने का, पिंजण जिन्यात मावलं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही, नवऱ्याकडे पण नाही, तो तेव्हा बाहुल्यांच्या सातव्या पेटीसमोर होता. मुलाने जिना पावलांनी मोजला, हात पसरून रुंदी घेतली आणि आज्जीला विचारलं की पिंजण केवढं होतं, तिने हात वर करून दाखवलं, मग ठरलं की तिरकं केलं तर मावेल. माझ्या मते प्रोजेक्ट तिथेच पूर्ण झाला.

डबा घेतलास का ताई, तुमचा प्रश्नही मी विचारला, आईंनाच विचारला, की एवढे लोक आले तर या घरात रांधायचं कोणी. तर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे काय, तूच की." नवरा तेवढं मात्र ऐकलं नाही अशा चेहऱ्याने पुढच्या पेटीकडे गेला.

लेक हिटलरच्या पत्रासमोर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मी काही बोलले नाही. घरी येताना गाडीत एकदम म्हणाली, "पोचलंच नसेल ना ते?" मी सांगितलं नाही पोचलं, सरकारने जाऊ दिलं नाही. तर म्हणे, "मग ते छापलं कसं आपण?" बोला आता.

मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये येऊन तिथेच राहिले होते आणि २०१० मध्ये ओबामा येऊन गेले हे नवऱ्याने रात्री जेवताना सांगितलं, म्हणजे त्याने सगळं वाचलं. गच्चीपर्यंत काही आम्ही गेलो नाही, आईंचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. खाली आलो, चौपाटीवर भेळ खाल्ली, राजगृह पुढच्या वेळी नक्की, लेकीनेच आठवण केलीये.

आता एक नवीन भानगड. मुलाला तो पिंजणाचा आवाज ऐकायचाय. आईंनी ग्रँट रोडच्या बाकावर बसून तोंडाने काढून दाखवला, टंग टंग टंग, पण त्याला खरा पाहिजे. आमच्या इथे गादीवाला आहे पण त्याच्याकडे मशीन, घर्रर्र करणारं. मुंबईत हाताने पिंजणारा कोणी अजून फिरतो का?

गिरगाव_हाऊस

आमच्याकडे शेवटचा कधी आला ते आठवत पण नाही. आता सगळे स्पंजच्या गाद्यांवर.

जुनी_वही

वहीतल्या जागेबद्दल आभार. भायखळा, डोंगरी बाजूला गाद्यांची जुनी दुकानं आहेत, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघतो, माळ्यावर पिंजण पडलेलं असेल तर वाजवून दाखवेल. या आठवड्यात जातो आणि इथेच लिहितो. आणि लेकीला सांगा, पत्राची प्रत मागे राहते, म्हणून छापता आलं.

डबा_घेतलास_का

"तूच की"!! सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ते वाक्य वहीत गेलं की नाही?

कोथिंबीरवडी

गेलं. पान चार. नवऱ्याने खोडायला लावलं होतं, आईंनी परत लिहायला लावलं.